मोर मारायच्या परवानगीवर हरकत घेताना

शिवारात मोर बेसुमार झालेत, पेरलेलं राहू देत नाहीत, तरी बंदोबस्तास परवानगी मिळावी. ग्रामसभेचा ठराव साधारण एवढाच असतो. त्याला एक-दोन पंचनामे जोडलेले, तालुका कृषी कार्यालयाचं पत्र, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची ‘पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर’ अशी टिपणी. हा गठ्ठा उपवनसंरक्षकांच्या टेबलावरून नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे निघतो. अशा गठ्ठ्यांवर हरकती घेण्याचं काम आमचा छोटा गट करतो. त्यात पक्षी मोजणारे आहेत, वनखात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि स्वतः भुईमूग-मका करणारेही आहेत. या कामाचा क्रम कसा असतो आणि ते कुठे बिघडतं, हे इथे मांडतो आहोत. उदाहरणाला मोर घेतला आहे, कारण मागणी त्याच्याबद्दल बरीच येते. गोव्यात २०१६ साली तर त्याला उपद्रवी ठरवण्याची भाषा थेट मंत्र्यांच्या तोंडून आली होती.

आधी कागद

बातमीचं कात्रण हातात घेऊन विरोध सुरू करू नये. बातमीत ‘मोर मारायला परवानगी’ असतं आणि कागदात फक्त कुंपणाला अनुदान मागितलेलं असतं. कधी नेमकं उलट. म्हणून पहिलं काम म्हणजे ठरावाची प्रत, त्या सभेचं इतिवृत्त, हजेरीपट, जोडलेले पंचनामे आणि वनखात्याच्या नस्तीतलं (फायलीतलं) टिपणीचं पान मिळवणं. ग्रामपंचायतीत ठराव बहुधा तोंडी मागूनही बघायला मिळतो. टिपणीचं पान मात्र माहिती अधिकाराशिवाय हाती येत नाही, आणि खरा मजकूर तिथेच असतो: कोणत्या अधिकाऱ्याने कोणतं कलम लिहिलं, कोणी ‘सहमत’ म्हणून सही केली, कोणी प्रश्नचिन्ह टाकलं.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘मोरांबाबतची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केला की ‘मागणी संदिग्ध’ म्हणून परत येतो. त्याऐवजी ठरावाची तारीख, आवक क्रमांक आणि हवी ती पानं लिहावीत: ‘या पत्रावरील टिपणीची सर्व पाने, त्यासोबतची जोडपत्रे आणि पुढे पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती.’ सोबत ‘नस्तीचे प्रत्यक्ष अवलोकन करावयाचे आहे’ हे वाक्य हवंच. समोर बसून नस्ती चाळली की कोणत्या प्रती मागायच्या ते कळतं, आणि प्रतिपान २ रुपयांप्रमाणे पैसेही कमी जातात. पंचनाम्यात शेतकऱ्यांची नावं असतात, म्हणून ‘वैयक्तिक माहिती’ असं कारण देऊन नकार येऊ शकतो. तो नकार टाळायला अर्जातच लिहावं की कायद्याच्या कलम १० प्रमाणे नावं आणि खातेक्रमांक झाकून बाकी मजकूर द्यावा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अपील करायला आळस केला की सगळा क्रम महिन्याने मागे पडतो आणि तोवर कागद नागपूरला पोचलेला असतो.

कलम कोणतं, अनुसूची कोणती

पक्षी कोणत्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या कोणत्या यादीत आहे, यावर अर्धी लढाई ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी सहा अनुसूच्या होत्या, आता चार आहेत. प्राण्यांसाठी पहिली आणि दुसरी, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालच्या जातींची. जुनी पाचवी अनुसूची, म्हणजे कावळा, उंदीर, फळवटवाघूळ वगैरेंना उपद्रवी म्हणून मोकळं सोडणारी, ती निघून गेली. तरी कार्यालयांत जुन्या कायद्याची पुस्तिका अजून वापरात असते आणि टिपणीत ‘अनुसूची पाच’ लिहिलेलं सापडतं. असं दिसलं की हरकतीचा पहिला मुद्दा तोच.

मोर अनुसूची एकमध्ये आहे. (१९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे, पण हरकतीत त्यावर भर देऊन फारसं काही साधत नाही. अधिकाऱ्याला भावनेवर नाही, कलमावर सही करायची असते.) अनुसूची एकमधला प्राणी मारायची परवानगी कलम ११ च्या पहिल्या खंडाखाली फक्त दोन कारणांनी मिळते. एक, तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल. दोन, तो इतका जायबंदी किंवा आजारी असेल की बरा होण्यापलीकडे गेला. पिकाचं नुकसान हे कारण तिथे नाहीच. शिवाय पकडून, बेशुद्ध करून किंवा दुसरीकडे हलवून भागत नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली पाहिजे आणि आदेश लेखी, कारणांसह हवा. भुईमूग खाल्ला म्हणून मोर मारायची परवानगी या खंडात बसत नाही. हे एका परिच्छेदात, कलमाचा मजकूर उद्धृत करून मांडलं की बरेच प्रस्ताव उपवनसंरक्षक कार्यालयातच थांबतात.

पक्षी अनुसूची दोनमधला असेल तर काम अवघड आहे, ते आधीच ओळखावं. कलम ११ च्या दुसऱ्या खंडात ‘मालमत्ता, उभ्या पिकांसह’ असं स्पष्ट आहे, आणि परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच नव्हे तर त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारीही देऊ शकतो. तिथे ‘कायद्यात बसत नाही’ म्हणून सुटका नाही. नुकसान किती, कोणामुळे, आणि मारून ते कमी होईल का, या प्रश्नांवरच लढावं लागतं. कलम ६२ हा दुसरा रस्ता. त्याखाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागापुरता, ठरावीक काळापुरता उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारमध्ये २०१५ च्या अखेरीस नीलगाय आणि रानडुकराबाबत, हिमाचलात २०१६ मध्ये माकडाबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. हा अधिकार केंद्राचा आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा राज्याचा नाही, आणि तो अनुसूची एकला लागू होत नाही. तेव्हा ‘मोराला उपद्रवी घोषित करा’ हे निवेदन कुठल्याही कार्यालयात दिलं तरी आधी मोर अनुसूची एकमधून काढावा लागेल.

मारायची मागणी अडली की तीच मागणी सौम्य कपड्यांत परत येते. ‘अंडी तेवढी उचलू द्या.’ ‘पकडून जंगलात सोडा.’ कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं येतं, पकडणंही येतं. लांडोर पावसाळ्याच्या आसपास बांधावरच्या झुडपात, उंच गवतात जमिनीवरच अंडी घालते, साधारण चार ते सहा. ती उचलणं म्हणजे कायद्याने शिकारच. स्थलांतर कलम १२ खाली ‘वैज्ञानिक व्यवस्थापन’ म्हणून होऊ शकतं, पण अनुसूची एकसाठी केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि त्याच कलमात वैज्ञानिक व्यवस्थापनाचा अर्थ दिला आहे: न मारता, विष न घालता. ‘वैज्ञानिक पद्धतीने संख्या कमी करणे’ असा शब्दप्रयोग प्रस्तावात दिसला की या व्याख्येकडे बोट दाखवायचं.

नुकसानाचा आकडा

सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे घालवतो, आणि नव्याने या कामात येणारे सगळ्यात कमी. पंचनाम्यात ‘३० टक्के नुकसान, कारण मोर’ असं असतं. हा तीस कुठून आला?

बहुतेकदा बांधावर उभं राहून. पंचनामा करणारे शेताच्या कडेला थांबतात, तिथली गेलेली रोपं बघतात आणि तोच टक्का सगळ्या शेताला लावतात. मोर चालत येणारा पक्षी आहे. ओढा, झुडपी पट्टा, बांध यांच्या आडोशाने तो आत शिरतो आणि कडेचं आधी खातो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. शेत चौकोनी धरलं तर बाजू सुमारे ६३.६ मीटर. कडेचा पाच मीटरचा पट्टा एकूण क्षेत्राच्या २९ टक्के भरतो. समजा त्या पट्ट्यात ३० टक्के रोपं गेली आणि आतल्या भागात ४ टक्के. तर पूर्ण शेताचं नुकसान साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येतं. साडेअकरा टक्केही शेतकऱ्याला कमी नाहीत, ते नाकारायचं नाही. पण तीसच्या आकड्यावर मारायची परवानगी मागितली जाते आणि साडेअकरावर कडेच्या पट्ट्याला जाळी लावणं पुरतं.

मोजायची रीत अशी. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करायची. कडेच्या पट्ट्यात दहा ठिकाणी, आतल्या भागात दहा ठिकाणी, आधी ठरवलेल्या पावलांवर ठेवायची. ‘बघून’ जागा निवडली की माणूस नकळत उजाड ठिकाण निवडतो. भुईमूग ३० बाय १० सेंटीमीटरवर टोकला असेल तर चौकटीत ३३ रोपं अपेक्षित. किती उगवली, किती उपटली, किती कुरतडली, हे वेगवेगळं लिहायचं. उगवणच झाली नसेल तर ते पक्ष्याच्या नावावर टाकता येत नाही. ते वेगळं काढण्यासाठी पेरणीच्या दिवशीच दोन बाय दोन मीटरचे तीन-चार तुकडे कोंबडीच्या जाळीने वरून-बाजूने बंद करावेत. आतली उगवण आणि बाहेरची उगवण यांतला फरक म्हणजे पक्षी, डुक्कर, वानर वगैरेंचं एकत्र काम. उंदीर जाळीखालून आतही जातो, त्यामुळे त्याचं नुकसान दोन्हीकडे सारखं राहून वजा होतं. बियाणं हलकं निघालं किंवा पेरणीनंतर जमिनीवर कडक पापडी धरली, तर जाळीच्या आतही वाफा मोकळाच दिसतो, आणि मोरावरचा अर्धा आरोप तिथेच गळतो.

खुणाही वाचता आल्या पाहिजेत. रानडुकराने उकरलेली माती सलग नांगरल्यासारखी उलटलेली असते. उंदराचं बीळ जवळ असतं आणि टरफलं एका जागी साठलेली. मोर रोप उपटून खालचा दाणा खातो आणि कोंब तिथेच टाकतो. ओल्या मातीत पुढे तीन लांब बोटांचा ठसा आणि मागे लहान बोटाचा. कावळाही मोड आलेला दाणा उपटतो, तेव्हा नुसतं उपटलेलं रोप हा पुरावा नाही. ट्रॅप कॅमेरा असेल तर बांधाच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला, उगवत्या सूर्याकडे तोंड न करता लावावा. आणि घड्याळ तपासावं. चुकीची तारीख छापलेले फोटो सुनावणीत कामाला येत नाहीत, कितीही स्पष्ट असोत.

‘संख्या वाढली’ याला उत्तर

हे विधान सरसकट खोटं म्हणू नका, कारण ते बहुतांशी खरं आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे २०२० आणि २०२३ चे देशव्यापी अहवाल मोर वाढत असल्याचंच सांगतात, आणि केरळसारख्या जिथे तो विरळ होता तिथेही पसरल्याचं नोंदवतात. समोरचा माणूस तो अहवाल घेऊनच येणार. आपला मुद्दा वेगळा हवा: देशातली वाढ म्हणजे या शिवारातली संख्या नव्हे, आणि या शिवारातली संख्या अजून कोणी मोजलेली नाही.

मोजणीत गडबड होते ती आवाजामुळे. पावसाळ्याच्या तोंडावर नराची हाक लांबवर जाते. एकच मोर दोन वाड्यांत दोन वेळा मोजला जातो. गावागावांनी वेगवेगळ्या दिवशी मोजून बेरीज केली तरी तेच. भरवशाची मोजणी रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर होते. सूर्यास्ताआधी अर्धा तास ते नंतर अर्धा तास, सगळ्या झाडांखाली एकाच वेळी माणसं, ओळीने दोन संध्याकाळी. प्रत्येकाने पक्षी आल्याची वेळ आणि दिशा लिहायची. पूर्वेच्या वडावर ६.४० ला बसलेला थवा ६.५० ला उठून पश्चिमेच्या चिंचेवर गेला तर तो कागदावर पकडता आला पाहिजे. नर, मादी, पिल्लं वेगळी. एक खोच: पावसाळा सरता नरांचा पिसारा झडतो, आणि दुरून बिनपिसाऱ्याचा नर लांडोर म्हणून मोजला जातो. त्यावरून ‘माद्याच माद्या झाल्यात, पुढच्या वर्षी दुप्पट होतील’ असा निष्कर्ष निघालेला आम्ही कागदावर पाहिला आहे. मानेचा निळा रंग बघा, शेपटी नको.

मारल्याने संख्या खरोखर घटते का, हा प्रश्न अनुसूची दोनमधल्या पक्ष्यासाठी निर्णायक ठरतो. खाणं आणि आडोसा तसाच राहिला तर रिकामी जागा शेजारून भरते. ऑस्ट्रेलियात नॉइझी मायनर हा तिथलाच भांडखोर पक्षी इतर लहान पक्ष्यांना हुसकावतो म्हणून प्रयोगादाखल मारून पाहिला गेला; काढलेल्या जागी आजूबाजूचे मायनर लगेच येऊन बसले. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द आले तर स्कॉटलंडचं उदाहरण ठेवावं. तिथे २०१८ मध्ये पाणथळ-माळरानी पक्षी वाचवण्यासाठी म्हणून एका खोऱ्यात ६९ रेव्हन (कावळ्याच्या कुळातला मोठा पक्षी) मारायचा परवाना दिला गेला. विरोधकांनी न्यायालयाचा रस्ता धरला, आणि परवाना देणाऱ्या संस्थेच्याच वैज्ञानिक सल्लागार समितीने अभ्यासाची आखणी अपुरी ठरवली. तुलनेचा भाग कोणता, मारण्याआधीची मोजणी किती वर्षांची, निकाल कशावरून ठरवणार: हे तीन प्रश्न कुठल्याही ‘प्रायोगिक’ प्रस्तावाला विचारावेत. उत्तर नसेल तर तो प्रयोग नाही.

निवेदन

दोन पानांच्या वर जाऊ नये. पहिल्या परिच्छेदात संदर्भ: ठरावाचा क्रमांक, तारीख, वनखात्याचा आवक क्रमांक. दुसऱ्यात कलम. तिसऱ्यात नुकसानाची मोजणी, तक्ता मागे जोडून. चौथ्यात पर्याय, कोणी काय करायचं यासह. शेवटी मागणी, आणि ती नेमकी: ‘सदर प्रस्ताव कलम ११ च्या चौकटीत बसत नसल्याने नामंजूर करावा व कारणांसह लेखी आदेशाची प्रत द्यावी.’ नुसतं ‘योग्य कार्यवाही व्हावी’ लिहिलं तर योग्य कार्यवाही म्हणून ते निवेदन नस्तीला लागतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. मूळ प्रत उपवनसंरक्षकांना, प्रती मुख्य वन्यजीव रक्षक, मानद वन्यजीव रक्षक आणि ग्रामपंचायतीला. प्रत्येक प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. टपालाने पाठवली तर पोचपावती जपून ठेवावी. हजारो सह्यांची मोहीम चालवायची तर चालवावी, पण तिचं वजन आमच्या अनुभवात एका नीट भरलेल्या मोजणीतक्त्यापेक्षा कमी पडतं.

ग्रामपंचायतीला प्रत देणं अनेकजण टाळतात. टाळू नये. ज्या गावाविरुद्ध गुपचूप हरकत गेली ते गाव पुढच्या वेळी ठराव करत नाही, सरळ विषारी दाणा टाकतं.

शेतकऱ्यासमोर काय ठेवायचं

मोरामुळे दुबार पेरणी करावी लागलेल्या माणसाला जैवविविधता सांगायची नसते. त्याला कोणत्या दिवसांत काय करायचं ते हवं असतं. जोखमीचा काळ लहान असतो: उगवणीपासून साधारण दहा-बारा दिवस, आणि दिवसातही उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. तेवढ्या वेळेची राखण चार-पाच शेजाऱ्यांनी वाटून घेतली तर जमते. एकट्याला जमत नाही. भुईमूग पाच सेंटीमीटर खोल टोकावा आणि ओळ नीट झाकावी. वर सांडलेले दाणे हेच पहिलं आमंत्रण असतं. शिवारात सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरलं तर नुकसान वाटलं जातं, आणि जो आधी पेरतो त्याचं शेत सगळ्यांचे मोर पोसतं.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर कमानी करून शेडनेट टाकणं हा खात्रीचा उपाय, क्षेत्र लहान असल्याने परवडणारा. मोठ्या शेताला कडेच्या पट्ट्यापुरती उभी जाळी, चार-पाच फूट. मोर उडून येऊ शकतो, पण पिकात शिरताना तो बहुधा चालतच येतो. जाळी जाड धाग्याची, ताणून बांधलेली हवी. सैल, बारीक नायलॉनच्या जाळीत धामण, घोरपड, तितर अडकून मरतात आणि मग आपणच अडचणीत. चमकपट्टी लावायची तर उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिच्यावर पडतं. काठ्या पाच-पाच मीटरवर, पट्टीला दोन-तीन पीळ, म्हणजे वाऱ्याने ती फडफडून आवाज करते. ताठ, बिनपिळाची पट्टी गप्प राहते. तिचा धाक काही दिवसच टिकतो, म्हणून ती उगवणीच्या दिवशी लावावी, आठवडाभर आधी नाही. फटाके आणि ध्वनिक्षेपकावरचे आवाज यांना पक्षी लवकर सरावतात. रोज तीच वेळ, तोच आवाज ठेवला तर आणखी लवकर. मक्याला पोपटांचा त्रास असेल तर बाहेरच्या दोन-तीन ओळींच्या कणसांवर त्याच ताटाची पानं गुंडाळून बांधतात. मजुरी लागते, पण माल बाहेरून आणावा लागत नाही.

भरपाईचा शासन निर्णय काढून वाचावा. त्यात प्राण्यांची नावं दिलेली असतात आणि त्या यादीत आपला पक्षी आहे की नाही, हे ग्रामसभेत जाण्याआधी माहीत हवं. यादीत नसेल तर ठरावाची मागणीच बदलून घेता येते: मारायची परवानगी नको, यादीत समावेश करा आणि कडेच्या जाळीला अनुदान द्या. असा दुरुस्त ठराव ग्रामसभेतच मंजूर झाला की पहिला ठराव आपोआप दुबळा होतो. आमच्या मते कुठल्याही हरकतीपेक्षा हा शेवट चांगला, आणि तो मिळवायला निवेदनापेक्षा पारावरच्या बैठका जास्त लागतात.

न्यायालय, आणि विष

मारायच्या परवानगीचा आदेश निघालाच तर वेळ थोडा असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धावू नये: ज्या सात कायद्यांखालचे प्रश्न ते ऐकतं त्यांत वन्यजीव अधिनियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या संबंधित खंडपीठाकडेच जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो ‘आधी खात्याकडे गेला होतात का?’ हा. पोच घेतलेली निवेदनं त्या क्षणासाठी असतात. नीलगाय, माकड वगैरेंना उपद्रवी ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनांविरुद्ध गेलेल्यांनाही २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती न देता आधी मंत्रालयाकडे म्हणणं मांडायला सांगितलं होतं. बेकायदा शिकार झाली आणि खातं हललं नाही, तर कलम ५५ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक स्वतः तक्रार दाखल करू शकतो. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. पीक वाचवत होतो, हा बचाव चालत नाही. कायद्यातली सूट माणसाचा जीव वाचवण्यापुरती आहे.

विषाचा संशय कधी घ्यावा? एकाच तुकड्यात मोरांबरोबर होले, पारवे, तितरही मेलेले, अन्ननलिकेतली पिशवी दाण्यांनी भरलेली, पाय आवळलेले, शवावर माश्याही मरून पडलेल्या. हात लावू नये. जागेचे फोटो, वेळ, जीपीएस, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन. बर्ड फ्लूची शक्यताही डोक्यात ठेवावी. ती असेल तर नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात, आणि अशा वेळी ‘रानपक्षी मारून टाका’ ही मागणी उठली तर तिलाही विरोध करावा लागतो, कारण हुसकावलेले आजारी पक्षी रोग पसरवतात. विषबाधेच्या शवविच्छेदनात पिशवी, पेषणी (दाणे दळणारा पोटाचा भाग) आणि यकृत हे तीन नमुने महत्त्वाचे. ते गोठवून किंवा संपृक्त मिठाच्या द्रावणात पाठवायचे असतात. फॉर्मेलिनमध्ये टाकले की विषाची तपासणी बिघडते, आणि हे नेहमी घडतं, कारण दवाखान्यात फॉर्मेलिनची बाटली हाताशी असते. पशुवैद्यक नमुने घेत असताना तिथे उभं राहून नम्रपणे आठवण करून द्यावी. सीलचा नमुना पंचनाम्यावर उमटला आहे ना, ते पाहावं. न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. दर महिन्याला लेखी विचारणा केली नाही तर आणखी लागतो.

घरात मोरपिसं सापडली की ‘गळालेली वेचली’ असं उत्तर येतं, आणि पिसाऱ्याच्या पिसांना कायद्यात सूट असल्याने ते पुरतंही. देठाचं टोक बघावं. आपसूक झडलेल्या पिसाचं टोक कोरडं, बंद असतं. उपटलेल्याच्या टोकाला मांसाचा किंवा वाळल्या रक्ताचा अंश राहतो.

नामंजुरीचा आदेश आला तरी त्याची साक्षांकित प्रत ग्रामपंचायतीत, वनरक्षकाकडे आणि कृषी सहायकाकडे पोचवावी, नाहीतर पुढच्या खरिपात तोच ठराव नव्या तारखेने येतो आणि नवीन अधिकाऱ्याला जुन्या नस्तीचा पत्ता नसतो. मोजणीच्या चौकटी आणि जाळीचे तुकडे त्याच शेतांत पुढच्या पेरणीलाही लावावेत. एका हंगामाच्या आकड्यावर ‘त्या वर्षी पाऊस वेगळा होता’ हे उत्तर ठरलेलं असतं.